सागाची होडी टपात आडवी होते, त्याबद्दल

भाऊ, मुलीच्या खेळण्यातल्या होडीची लांबी ३० सेंमी, रुंदी ६ आणि उंची ७ ही मापं तुम्ही दिलीत तिथेच दुखणं सापडलं. सुताराकडचा सागाचा भरीव ठोकळा, मुलीने कानसून काढलेली नाळ म्हणजे पुढचं टोक, वर डोलकाठी, आणि टपात सोडताच आडवी. आतून कोरू का, विचारताय. कोरायचं आहेच, पण आधी उंची उतरवा.

भरीव चौकोनी ठोकळा पाण्यात सरळ राहायला सहसा रुंदी उंचीपेक्षा जास्त लागते. वाळलेला साग पाण्याच्या साधारण ०.६५ पट जड. त्या हिशोबाने रुंदी उंचीच्या निदान १.१७ पट हवी. लाकूड कुठलंही असो, सव्वापट ठेवली की ठोकळा सरळ तरंगतो. तुमची रुंदी तर उंचीएवढीसुद्धा नाही, उलट कमी. शिवाय तळाच्या कडा गोल केल्या, वर काठी आणि शीड चढवलं की सव्वापटही पुरत नाही. मी दीडपटीच्या खाली जात नाही आणि नवी होडी करायची तर सरळ दुप्पट धरतो.

तेव्हा खतावणीने (रेघ आखायच्या सुतारी अवजाराने) चहूबाजूंनी रेघ मारून वरून ३ सेंमी करवतीने उतरवा. ६ ला ४ झाली, म्हणजे दीडपट. मग मधला भाग पटाशीने कोरा, बाजू आणि तळ बोटभर जाड ठेवून. साधारण १८ सेंमी लांब, साडेतीन रुंद, अडीच खोल खड्डा काढला की शंभर ग्रॅम लाकूड जातं. तेवढंच वजन तळाला लोखंडात परत घाला: ८ मिमीची सळई मीटरला ३९५ ग्रॅम भरते, म्हणजे २५ सेंमीचा तुकडा जवळजवळ शंभर ग्रॅमचा. तळाला मधोमध उथळ खाच पाडून एम-सीलने बसवा. होडीचं वजन तेवढंच राहतं, फक्त ते खाली जातं. सगळी गंमत यातच आहे. भोई लोकांच्या जाळ्याला असतात त्या शिशाच्या गोळ्या बसवायला सोप्या, पण पोरांच्या हातात शिसं नको.

खड्ड्यावर पातळ प्लायचं झाकण चिकटवून टाका. फेविकॉल पाण्यात टिकणारा घ्या, साधा पांढरा सुटतो. काठीला कपाशीची पऱ्हाटी फुकट मिळते म्हणून लावू नका, वाळली की ताडकन मोडते. बांबूची कांब तासून घ्या, २० सेंमी पुरे.

टपात आधी बिनकाठीची सोडा. एका काठावर बोटाने दाबून सोडलं की झटकन सरळ झाली पाहिजे. मग काठी लावून पुन्हा तेच. आता आळसावत उठत असेल तर काठी कमी करा, सळई वाढवू नका, नाहीतर होडी खोल बसेल. आणि ही परीक्षा घरच्या टपातच. पावसाळ्यात तापी किंवा हतनूर धरणाच्या पाण्याजवळ पोरीला नेऊ नका.

पुढच्या होडीला सावर (काटेसावरीचं लाकूड) बघा. सागाच्या जवळपास निम्म्या वजनाची, चाकूनेही तासली जाते, म्हणून सहावीतल्या पोरीच्या हाताला बरी. दोन खोड्या आहेत: ओली राहिली की लवकर कुजते, आणि ताजी फळी आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात टाकली की टोकाला चिरा जातात. फळीच्या दोन्ही टोकांना ऑइल पेंट फासून सावलीत वाळवा.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात, पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंट. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात, त्यात भुसावळ-जळगावचा उन्हाळा. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका.