मुलाखत नव्हे, फाइल

प्रश्न : मी साताऱ्यात मानसशास्त्र घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटणारा माणूस पुन्हा तसाच गुन्हा करील का, हे त्याच्याशी बोलून ओळखण्याचे काम मला करायचे आहे. संख्याशास्त्र मात्र जमत नाही. काय शिकावे?

उत्तर : ज्या विषयाची तुम्हांला धास्ती वाटते, नेमक्या त्यावरच हे काम उभे आहे. कॅनडाचे कार्ल हॅन्सन आणि ब्रिटनचे डेव्हिड थॉर्नटन या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेल्या ‘स्टॅटिक-९९’ या, पुन्हा लैंगिक गुन्हा होण्याचा धोका गुणांत मोजणाऱ्या मोजपट्टीत दहाच बाबी असून त्यांतल्या बहुतेक कैद्याच्या फाइलवरूनच भरता येतात : सुटतानाचे वय, आधीचे लैंगिक गुन्हे, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, इत्यादी. त्याला पश्चात्ताप झाला आहे का, हे तिथे विचारलेलेच नाही. हॅन्सन यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गुन्हा नाकारण्याचा पुढच्या गुन्ह्याशी जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. समोर बसून रडणारा माणूस सुधारला असे आपल्याला वाटते (मलाही वाटले असते), पण भाकिताला त्याचा फारसा उपयोग नाही.

त्याच अभ्यासात सरासरी चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा नोंदला गेलेल्यांचे प्रमाण १३.४ टक्के होते. न नोंदलेले गुन्हे अर्थातच त्यात नाहीत. मोजपट्टीही अचूक नाही. पुन्हा गुन्हा केलेला एक आणि न केलेला एक असे दोघे चिठ्ठी टाकून निवडले, तर पहिल्याचे या मोजपट्टीवरचे गुण, म्हणजे धोका, जास्त निघण्याची शक्यता शंभरात सुमारे सत्तर, म्हणजे नाणेफेकीपेक्षा बरी, इतकेच.

ही मोजपट्टी उचलून आपल्याकडे लावता येणार नाही. जोडीदारासोबत सलग दोन वर्षे राहिला आहे का, अशी एक बाब तिच्यात आहे. जिथे घरचे लोक लग्न लावून देतात, तिथे त्या उत्तराचा अर्थ तोच राहील का, हे इथल्या कैद्यांची वर्षानुवर्षांची नोंद ठेवूनच तपासावे लागेल. हे काम करण्यासारखे आहे.

म्हणून आधी संभाव्यता आणि सहसंबंध ही प्रकरणे एखाद्या शिक्षकाकडून नीट समजून घ्यावीत. त्यानंतर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे किंवा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील गुन्हेशास्त्राचे अभ्यासक्रम पाहावेत. टाटा संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो. अर्ज भरण्याआधी त्याची माहिती वाचून, तुरुंगातले रोजचे काम आपल्याला झेपेल का, हे घरच्यांशी बोलून ठरवावे.