मॅन्युमिशन, डाउअर आणि ‘हळूहळू मुक्तता’

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काळातील गुलामगिरीवरचा मजकूर मराठीत आणताना मॅन्युमिशन, इमॅन्सिपेशन आणि ॲबॉलिशन या तिन्हींसाठी ‘गुलामांची मुक्तता’ चालेल का? आणि ‘ग्रॅज्युअल इमॅन्सिपेशन’मधल्या ‘ग्रॅज्युअल’ला ‘हळूहळू’ पुरेल का?

तिन्हींना एकच शब्द चालणार नाही. सोडणारा कोण, यावरच ते वेगळे होतात. मॅन्युमिशन मालक करतो, कागद करून किंवा मृत्युपत्रातून, आणि तेही ठरावीक माणसांपुरते. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात, म्हणून हा शब्दशः ‘हातून सोडणे’. ‘हक्कसोड’ जवळचा वाटतो, पण हक्कसोडपत्र म्हटले की आपल्याला भावाबहिणींच्या वाटण्या आठवतात. मी ‘दास्यमोचन’ घेईन, आणि त्या कागदाला ‘मुक्तिपत्र’. नारदस्मृती या जुन्या धर्मशास्त्रग्रंथात याचा विधीच आहे : दासाच्या खांद्यावरची पाण्याची घागर मालक उतरवून फोडतो, डोक्यावर अक्षता-फुले घातलेले पाणी शिंपडतो आणि तीनदा ‘अदास’ म्हणतो. सोडणारा मालकच असतो, हे त्यात स्वच्छ दिसते. कायद्याने मिळते ती ‘दास्यमुक्ती’, म्हणजे इमॅन्सिपेशन. प्रथाच बंद करणे ते ‘गुलामगिरीचे निर्मूलन’. ‘गुलामगिरी’ शब्द बदलू नका. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली याच नावाचे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केले, तेव्हापासून तो शब्द या विषयाशी मराठीत जोडलेला आहे.

खरी फसगत होते ती ‘डाउअर’पाशी. पुष्कळ जण त्याला ‘हुंडा’ किंवा ‘स्त्रीधन’ करतात. दोन्ही चूक. मृत नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला तिच्या हयातीपुरता मिळणारा एकतृतीयांश हिस्सा म्हणजे डाउअर. त्याचा उपभोग तिचा. पण त्यातल्या माणसांना विकण्याचा वा मुक्त करण्याचा अधिकार तिला नाही, आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्यालाही नाही. कोर्टकचेरीतला आपला ‘तहहयात’ इथे नेमका बसतो : ‘विधवेचा तहहयात हिस्सा’. हे चुकले तर जॉर्ज वॉशिंग्टनचे मृत्युपत्र कळतच नाही. १७९९ च्या यादीत माउंट व्हर्नन या त्याच्या शेतवाडीवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ वॉशिंग्टनच्या मालकीचे, १५३ त्याची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या, कस्टिसच्या मालमत्तेतले, म्हणजे तिच्या डाउअरमधले. उरलेले बहुतेक शेजाऱ्याकडून भाड्याने घेतलेले. आपला खासगी नोकर असलेला गुलाम विल्यम ली याला वॉशिंग्टनने मृत्युपत्रात तत्काळ मुक्त केले आणि वर्षाला ३० डॉलर लावून दिले. बाकीच्या आपल्या माणसांना मार्थाच्या मृत्यूनंतर सोडावे असे लिहिले. तिने त्यांना १ जानेवारी १८०१ रोजीच सोडले. कस्टिस हिश्श्यातली माणसे मात्र १८०२ मध्ये ती वारल्यावर तिच्या नातवंडांत वाटली गेली. या दोन गटांत लग्ने झालेली होती. त्यामुळे बाप मुक्त, पण आई नि मुले दुसऱ्याच्या वाटणीत, असे घडले. ‘हुंडा’ लिहिलेत तर हे का घडले ते वाचकाला कळणार नाही.

‘वारसा’ही दोन अर्थांनी येतो, ते वेगळे ठेवा. मालमत्ता म्हणून वारसाकडे आलेला माणूस वेगळा, आणि गुलाम आईच्या पोटी जन्मला म्हणून गुलाम ठरलेला वेगळा. व्हर्जिनियात १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरू लागला, बाप कुणीही असो. नारदाच्या दासांच्या यादीत दोन्ही प्रकार स्वतंत्र आहेत : वारशाने आलेला ‘दायागत’ आणि घरात जन्मलेला ‘गृहजात’. तयार शब्द आहेत, ते वापरावेत.

आता ‘हळूहळू’. या शब्दाने सगळ्यांचेच पाश थोडेथोडे सैल होत गेले असे वाटते. तसे नव्हते, सारे जन्मतारखेवर होते. पेनसिल्व्हेनियाच्या १ मार्च १७८० च्या कायद्याने त्या दिवशी कुणीच सुटले नाही. आधी जन्मलेल्यांची मालकाने १ नोव्हेंबरपर्यंत नोंद केली, की ते जन्मभर गुलाम. नंतर जन्मलेल्यांना २८ वर्षे चाकरी. म्हणजे १७८० च्या फेब्रुवारीत जन्मून नोंदलेले मूल जन्मभर अडकले, एप्रिलमधले १८०८ मध्ये सुटले. काही मालक गरोदर बाईला बाळंतपणासाठी राज्याबाहेर नेत. ते १७८८ मध्ये बंद करावे लागले. न्यूयॉर्कमध्ये ४ जुलै १७९९ नंतर जन्मलेल्या मुलांना २८ आणि मुलींना २५ वर्षे. न्यूजर्सीत १८०४ पासून २५ आणि २१. म्हणून ‘जन्मतारखेनुसार मुक्ती’ म्हणा. फार तर पहिल्यांदा ‘क्रमिक’ जोडा. या मुलांच्या चाकरीला ‘मुदतबंद चाकरी’ म्हणावे. ‘वेठबिगारी’ नको, तिला मुदत नसते.

न्यूजर्सीने १८४६ मध्ये उरलेल्या गुलामांचे नाव बदलून त्यांना ‘जन्मभराचे अप्रेंटिस’ केले. तिथे ‘शिकाऊ उमेदवार’ लिहू नका. शिकणे त्यात काहीच नव्हते. ‘अप्रेंटिस म्हणवले गेलेले गुलाम’ असेच लिहा. १८६० च्या जनगणनेत असे १८ जण अजून होते.