मिनिस्टर धाकटा, मिस्त्री थोरला

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीला २५ वर्षं होताहेत. पत्रिकेत 'यशस्वी मिनिस्ट्रीची २५ वर्षे' छापावं की 'यशस्वी सेवाकार्याची'? आणि चर्चची मिनिस्ट्री खरोखर यशस्वी झाली असं म्हणायचं कधी?

उत्तर : मंत्रिमंडळ, खातं हे अर्थ तुम्हाला ठाऊक आहेत, ते सोडून देऊ. पण 'अमुक पास्टरांची मिनिस्ट्री फार मोठी, हजारभर माणसं येतात' हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मोठी मिनिस्ट्री म्हणजे मोठा धाकटेपणा!

लॅटिनमध्ये 'मिनुस' म्हणजे कमी, 'मागिस' म्हणजे अधिक. पहिल्यापासून 'मिनिस्तेर', म्हणजे हाताखालचा माणूस, चाकर, वाढपी. दुसऱ्यापासून 'मागिस्तेर', म्हणजे वरचा, धनी. दोन्हींतला 'तेर' हा आपल्या 'लघुतर', 'महत्तर' मधल्या 'तर'चा भाऊबंद. आता गंमत बघा. मागिस्तेर इंग्रजीतून आला तो आपला मास्तर. तोच पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरला तो मेस्त्री, मिस्त्री. आणि संस्कृतातला त्याचा चुलतभाऊ 'महत्तर' झिजत झिजत झाला म्हातारा! म्हणजे या घराण्यात मिनिस्टर धाकट्या पातीचा, आणि त्याच्या बंगल्याला गिलावा करणारा मिस्त्री थोरल्या पातीचा. एका लग्नात शेजारी बसलेल्या पुढाऱ्याला मी हे सांगितलं. जिलबी संपेपर्यंत तो बोलला नाही.

बायबलच्या नव्या करारात या जागी ग्रीक शब्द येतो 'दिआकोनोस'. चर्चमधला सेवक-अधिकारी, डीकन, त्यातलाच. प्रवचनांत हमखास सांगतात की 'दिअ' म्हणजे मधून, 'कोनिस' म्हणजे धूळ, म्हणून धुळीतून धावणारा तो दिआकोनोस. ऐकायला सुरेख, पण शब्दातला 'आ' दीर्घ आहे आणि 'दिअ'तला ऱ्हस्व. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत ग्रीक लोक आपल्या पत्रिका छापणाऱ्यांइतके उदार नव्हते.

दुसऱ्या टोकाला जॉन कॉलिन्स. या अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडलं की दिआकोनोसमध्ये हलक्या चाकरीचा अर्थ मुळात नाहीच; कुणाच्या तरी वतीनं निरोप किंवा कामगिरी घेऊन जाणारा मध्यस्थ, एवढाच तो आहे. पुष्कळ विद्वान माना डोलावतात. मी अर्धीच डोलावतो. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय, अशी कुरकुर सुरू झालेली. बारा प्रेषित म्हणतात, देवाचं वचन सोडून आम्ही पंगतीकडे बघणं बरं नाही, त्यासाठी सात जण निवडा. मराठी बायबलात इथे 'पंक्तिसेवा' असा झकास शब्द आहे. दोनच वचनं पुढे 'वचनाची सेवा'. ग्रीकमध्ये दोन्हीकडे दिआकोनोसचाच धातू! असेल निरोप्या, पण त्याच्या हातात पळी आहे, कॉलिन्ससाहेब.

पळी आणि वचन एकाच छपराखाली बघायचं तर पंडिता रमाबाईंचं केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली आणि विधवा त्यांनी आणून सांभाळल्या, आणि ग्रीक-हिब्रूचा अभ्यास करून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते छापलं केडगावच्या त्यांच्या संस्थेच्या, मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, १९२४ साली पुरं झालं, तेव्हा बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या कामाला 'मोठी मिनिस्ट्री' म्हणा, मी हरकत घेणार नाही. कृत्यांतल्या त्या कुरकुरीनं मोजलं तरी ते टिकतं. तिथे किती जण जेवले हा प्रश्नच नाही, कुणाचं पान चुकलं एवढंच विचारलंय.

हो, 'यशस्वी' राहिलंच. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती, तेव्हा यशस्वी सेवा म्हणजे गाजलेली सेवा. वाढप्याचं नाव पंगतीत कोण विचारतं? मराठीत मात्र वैद्याच्या 'हाताला यश' असतं, आणि ते रोगी उठून बसला की कळतं, दारातल्या रांगेवरून नाही. पत्रिकेत 'सेवेची २५ वर्षे' एवढंच छापा. मिनिस्ट्री हवीच असेल तर ठेवा बापडे, पण तिच्यामागे 'भव्य' लावू नका.