नागपूरच्या उन्हाळ्यात एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म घरी धुण्यासाठी कोणता डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) घ्यावा?

डी-७६ किंवा जवळपास तसाच असणारा आयडी-११ घ्यावा; मात्र तो समप्रमाणात पाणी मिसळून वापरावा आणि एका वापरानंतर टाकून द्यावा. पाणी न मिसळलेल्या मूळ द्रावणात ४०० आयएसओला (फिल्मच्या नेहमीच्या संवेदनशीलतेला) २० अंशांवर साडेसात मिनिटे लागतात, २४ अंशांवर ती जेमतेम पाचवर येतात आणि त्याहून कमी वेळात फिल्म असमान धुतली जाण्याचा धोका असतो. आयडी-११च्या पातळ द्रावणात मात्र २० अंशांवर १३ आणि २४ अंशांवर सुमारे ९ मिनिटे मिळतात.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते, म्हणून मी माठातले पाणी वापरतो आणि डेव्हलपरचे भांडे ज्या बादलीत ठेवतो तिच्यात बर्फ टाकतो, डेव्हलपरमध्ये कधीच नाही. फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) व धुण्याचे पाणीही त्याच बादलीत ठेवावे. एकदा मी केवळ डेव्हलपर थंड करून फिल्म थेट नळाखाली धरली, तेव्हा अंबाझरीच्या आकाशावर बारीक सुरकुत्यांची जाळी उमटली होती.

वर्षातून दोनतीनच रोल धुणार असाल, तर दीर्घकाळ टिकणारा रोडिनल हा डेव्हलपर परवडतो. अर्थात या फिल्मवर त्याने चित्रातला दाणा (बारीक ठिपक्यांचा पोत) ठसठशीत दिसतो, जो मला स्वतःला चेहऱ्यांवर आवडत नाही.