शाळेच्या कँटीनमधलं खाणं सुधारायला पालक म्हणून नेमकं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या शाळेत रोज समोसा, आलूबोंडा आणि रंगीत सरबत एवढंच मिळतं, आणि येत्या पालकसभेत "तळलेलं सगळं बंद करा" अशी मागणी करायचा विचार आहे. मी काउंटरच्या आतल्या बाजूची. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका शाळेचं कँटीन मी नऊ वर्षं चालवलं.

कायदा तुमच्याच बाजूने आहे. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२० साली नियम काढले, ते जुलै २०२१ पासून लागू झाले. जास्त चरबी, मीठ किंवा साखरेचे पदार्थ शाळेत विकायचे नाहीत, गेटापासून ५० मीटरच्या आतही नाहीत. आमच्याकडे एक वर्ष हे अगदी कडक पाळलं. पंधरा दिवसांत सगळे पोट्टे गेटाबाहेरच्या बंडीवर. समोसा तिथे पेपरच्या तुकड्यावर मिळायचा, वर बर्फगोळा. तक्रार झाली की बंडी ५१व्या मीटरवर जायची. बंडीला चाकं असतात.

म्हणून सभेत पहिला प्रश्न असा विचारा: कँटीनचं भाडं किती? बहुतेक शाळा जो जास्त भाडं देईल त्याला ठेका देतात, तोही एकेका वर्षाचा. सुट्ट्या न् परीक्षा वजा केल्या तर धंद्याचे दिवस जेमतेम दोनशे उरतात. आलूबोंडा मात्र १२ रुपयांच्या वर न्यायचा नाही, पालकच ओरडतात. मग पैसा निघतो कुठून? तेलातून. कालच्या तेलावर आज थोडं ताजं ओतायचं, उद्या परत तेच. पहिल्या वर्षी मीही हेच केलं, लपवत नाही. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी नंतर भाडं निम्मं केलं आणि ठेका तीन वर्षांचा दिला, तेव्हा कुठे मला शेंगदाणा तेल परवडलं. तुमच्या शाळेने एवढं केलं तरी अर्धं काम झालं समजा.

तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात पोलर घटक, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारे पदार्थ, वाढतात. ते २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. ते मोजायचं यंत्र कुठल्या कँटीनमध्ये असणार? पण डोळ्यांना कळतं: रंग काळपट, फेस बसत नाही, धूर लवकर येतो, झाऱ्याला चिकट थर. माझा उपाय साधा होता. मोठी कढई काढून लहान घेतली. तेलच कमी लागतं, त्यामुळे उरतंही कमी. आणि हळूहळू तिच्यात पडणारे पदार्थही कमी करत गेले.

आता चटणीचं. लोक तेलाकडे बघतात, पण लेकरं आजारी पडली ती माझ्या चटणीने. जुलैचा महिना, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि मिरचीची हिरवी चटणी, टाकीच्या पाण्यात पहाटे वाटलेली, साडेनऊच्या सुट्टीपर्यंत ओट्यावर उघडी. तीन मुलांना उलट्या-जुलाब. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आयांसमोर उभं राहणं अजून आठवतं. कच्चं, ओलं, न उकळलेलं पाणी, वर चार तास. दुसरं काय होणार? साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू वाढतात आणि आपल्याकडे बाराही महिने ओटा त्याच्यातच असतो. त्यानंतर मी ओली चटणी बंदच केली. जवसाची नाहीतर फल्लीदाण्याची, म्हणजे शेंगदाण्याची, कोरडी चटणी ठेवली. टिकते, पौष्टिक आहे आणि विदर्भातल्या पोरांना ती घरचीच वाटते.

बाकी काय चाललं? चना-पोहा चाललाच पाहिजे, नागपूर आहे. फक्त तर्रीवरचा, म्हणजे पोह्यावर ओततात त्या चन्याच्या तिखट रश्शावरचा, तेलाचा थर निम्मा केला, चने दुप्पट, आणि पातेलं मंद आचेवर शेवटपर्यंत वाफाळतं. आप्पे धावले, कारण थेंबभर तेलात होतात आणि हातात धरून पळता येतं. सुट्टी वीस मिनिटांची, त्यात दोनशे मुलं. चमच्याने खायचं काहीही तिथे हरतं. मोडाची मटकी कच्ची ठेवली तर कोणी बघेना, शिवाय कच्च्या मोडांचा भरवसा नाही. उकडून, कांदा-लिंबू टाकून भेळेसारखी दिली तेव्हा संपायला लागली.

सरबतात रंगापेक्षा बर्फाची भीती जास्त. त्याच्या जागी हिवाळ्यात संत्री ठेवली. कळमन्याच्या ठोक बाजारात लहान आकाराचा माल स्वस्त मिळतो. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचं पहिलं पीक, संपला की फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरं, मृग बहार येतो. कापून विकायची नाहीत, संत्रं आपलं पॅकिंग घेऊनच येतं.

एफएसएसएआय परवान्याचा १४ आकडी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे का, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली का, हे दोन कागद मागा. पण त्याआधी एकदा स्वतः जाऊन या. न सांगता, सुट्टीच्या दहा मिनिटं आधी. सुट्टी झाल्यावर गर्दीत कढई दिसत नाही.