पासवर्ड एक, युनिक्स अनेक

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्स, फ्रीबीएसडी आणि काही जुने सोलारिस संगणक आहेत (तिन्ही युनिक्स घराण्यातील प्रणाली). विद्यार्थ्यांना सर्वत्र एकाच पासवर्डने लॉगिन करता यावे म्हणून आम्ही एनआयएस (खात्यांची माहिती एका सर्व्हरवरून सर्व संगणकांना पुरवणारी जुनी व्यवस्था) वापरतो. हे सुरक्षित आहे का? नसल्यास पर्याय कोणता?

उत्तर : सुरक्षित नाही, आणि विद्यार्थ्यांच्या हिताचा विचार करता ही व्यवस्था लवकर बदलावी, असा माझा आग्रह आहे. एनआयएसमध्ये माहिती नेटवर्कवरून उघडी जाते आणि साध्या मांडणीत कोणताही विद्यार्थी 'वायपीकॅट' ही आज्ञा देऊन सर्वांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून गणिताने बनवलेली सांकेतिक रूपे, ज्यांवरून पासवर्ड ताडता येतो) पाहू शकतो. हे हॅश फक्त रूटलाच (संगणकाच्या सर्वाधिकारी खात्यालाच) मिळावेत अशी सोय करता येते. पण स्वतःचा लॅपटॉप जोडणारा विद्यार्थी त्या लॅपटॉपवर रूटच असतो. त्यातच, सर्व प्रणालींना समजावा म्हणून अशा मिश्र नेटवर्कवर बहुधा जुन्या डीईएस पद्धतीचा हॅश ठेवलेला असतो आणि तो पासवर्डची पहिली ८ अक्षरेच विचारात घेतो, त्यामुळे वीस अक्षरी पासवर्डही वाया जातो. शॅडो फाइल (हॅश साठवणारी फाइल) रोज सर्व संगणकांवर उतरवणे हा काही उपाय नव्हे, कारण एक संगणक फुटला की सर्वांचे हॅश गेले.

माझ्या मते ओळख आणि ओळखीची खातरजमा ही दोन कामे वेगळी करावीत. नाव, यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक), गट, होम डिरेक्टरी ही माहिती एलडॅपमध्ये (वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती निर्देशिकेत) ठेवावी आणि ती टीएलएसवरूनच (सांकेतिक, सुरक्षित जोडणीवरूनच) पुरवावी. पासवर्डचे काम कर्बेरोसकडे द्यावे. एमआयटीच्या १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून पुढे आलेल्या या पद्धतीत पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही. पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने उलगडणारे, ठरावीक मुदतीचे तिकीट, म्हणजे ओळखीचा पुरावा, सर्व्हरकडून मिळते. तिन्ही प्रणालींना कर्बेरोस पॅममार्फत (लॉगिनची तपासणी हव्या त्या पद्धतीकडे सोपवणाऱ्या सोयीमार्फत) जोडता येते, त्यामुळे हॅशच्या प्रकारांचा मेळ घालत बसावे लागत नाही.

सर्व संगणकांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) जुळवावीत. ५ मिनिटांहून अधिक फरक पडल्यास सहसा तिकीट नाकारले जाते. कर्बेरोसचा सर्व्हर कुलूपबंद खोलीत, अन्य कोणतीही सेवा न चालवता ठेवावा आणि त्याची एक प्रतिकृती दुसऱ्या यंत्रावर असावी. रूटचे खाते मात्र प्रत्येक संगणकावर स्थानिकच राहू द्यावे, म्हणजे नेटवर्क बंद पडले तरी दुरुस्ती करता येईल. जुन्या हॅशपासून कर्बेरोसच्या किल्ल्या बनवता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला पासवर्ड नव्याने ठरवावा लागेल. हे काम सत्राच्या आरंभी, नोंदणीच्या वेळीच उरकावे.