किनाऱ्यावरच्या घरात संगीताच्या सर्व्हरसाठी कोणता ड्राइव्ह घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घर वेंगुर्ल्यात समुद्राच्या अगदी जवळ आहे, सुमारे ६०० सीडी आहेत, शिवाय वडिलांनी जत्रेतल्या दशावताराच्या आणि गावातल्या भजनांच्या स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या १५० कॅसेट आहेत. हे सगळे एका छोट्या सर्व्हरवर ठेवून घरभर ऐकायचे आहे आणि त्यासाठी सर्वांत भरवशाची हार्ड डिस्क कोणती, की सरळ एसएसडीच (फिरत्या चकतीऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणारा ड्राइव्ह) घ्यावी, हे ठरत नाही. मीही देवगडला किनाऱ्यालगत राहतो आणि बरीच वर्षे असाच सर्व्हर चालवत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे ड्राइव्हची कंपनी कोणती हा तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न दुसरी प्रत कुठे ठेवणार हा, आणि दुसरा दमट हवेचा व विजेचा बंदोबस्त कसा करणार हा.

जागेचा हिशेब आधी करू. सीडीवरचे संगीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन वाहिन्या या मापाने साठवलेले असते. म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. तेच फ्लॅकमध्ये (ध्वनी दाबून साठवण्याचा फाइल-प्रकार) घेतले, तर आवाजात काहीही न गमावता आकार निम्म्याच्या आसपास येतो आणि एका सीडीला ३०० ते ४०० एमबी लागतात. आपल्या ६०० सीडी फार तर २४० जीबीत बसतील. कॅसेट २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झने घेतल्या, तर कच्च्या स्वरूपात तासाला १ जीबीच्या थोडे वर जाते. ९० मिनिटांच्या १५० कॅसेट म्हणजे २२५ तास, आणि फ्लॅक केल्यावर त्यांचाही आकार बराच उतरतो. सगळे मिळून अर्ध्या टीबीच्या आत काम होते. वेगाचा तर प्रश्नच नाही, कारण सीडीच्या दर्जाचे संगीत वाजवायला सेकंदाला १७६ केबी पुरतात आणि आजची साधी हार्ड डिस्कही त्याच्या कित्येक शे पट वेगाने वाचते. जाहिरातीतले वेगाचे आकडे पाहून जास्तीचे पैसे मोजू नयेत.

एवढ्याशा संग्रहासाठी सर्व्हरमधला मुख्य ड्राइव्ह म्हणून मी १ किंवा २ टीबीची साधी साटा (संगणकाला जोडण्याची नेहमीची पद्धत) एसएसडी घ्यायला सांगेन. तिच्यात फिरणारा भाग नाही, ऐकण्याच्या खोलीत आवाज नाही आणि बाहेरची हवा आत-बाहेर होण्याचाही प्रश्न नाही. टीएलसी प्रकारची (चिपच्या एका पेशीत तीन बिटे ठेवणारी) आणि स्वतःची डीरॅम (कामापुरती वेगवान स्मृती) असलेली घ्यावी. एका पेशीत चार बिटे कोंबणारी स्वस्त क्यूएलसी टाळावी. मात्र एसएसडीच्या दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. ती बिघडते तेव्हा बहुधा कुरकुर न करता एकदम बंद पडते. दुसरे म्हणजे, ती विजेविना कपाटात पडून राहण्यासाठी बनवलेली नसते. घरगुती एसएसडीसाठीचे जेडेकचे (चिप उद्योगाची मानके ठरवणारी संस्था) मानक असे आहे की, लेखनाची ठरलेली मर्यादा संपल्यावरही ३० अंश सेल्सिअसला विजेविना वर्षभर माहिती टिकावी. कमी वापरलेली एसएसडी त्याहून खूप जास्त टिकते हे खरे. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बंद कपाटातले तापमान ३० अंशांच्या वरच असते. तेव्हा कपाटात ठेवायची प्रत हार्ड डिस्कवरच असावी.

हार्ड डिस्क घेताना एक गोष्ट दुकानदाराला विचारून थांबू नये, कंपनीच्या तांत्रिक पत्रकात स्वतः पाहावी: ती सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे जागा वाचते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. फक्त संगीत साठवून वाजवायला ते चालते. रेडमध्ये (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून माहिती ठेवण्याच्या पद्धतीत) एक डिस्क बदलून सगळी माहिती नव्याने भरायची वेळ येते तेव्हा मात्र ते फार मंदावते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले, त्यावर बरीच ओरड झाली आणि त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क रेड प्लस या वेगळ्या नावाने विकायला सुरुवात केली. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर आहे. या दोन्हींपैकी जी आपल्या दुकानात पक्क्या बिलासह मिळेल, ती घ्यावी. पत्रकात दहा लाख तासांचे सरासरी आयुष्य छापलेले असते, त्याचा अर्थ ती डिस्क ११४ वर्षे चालेल असा नाही. अशा १०० डिस्क वर्षभर अखंड चालवल्या, तर त्यांतली एखादी बंद पडेल, एवढाच आहे. आणि वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, वडिलांचे रेकॉर्डिंग मिळत नाही.

आता दमट हवेकडे येतो, कारण आपला खरा शत्रू तीच आहे. साधी हार्ड डिस्क हवाबंद नसते. तिच्या झाकणावर एक बारीक छिद्र असते, ते बुजवू नये अशी सूचनाही शेजारीच छापलेली असते. त्यातली गाळणी धूळ अडवते, बाष्प पूर्णपणे अडवू शकत नाही. मोठ्या क्षमतेच्या हेलियम भरलेल्या डिस्क पूर्ण बंद असतात, पण आपल्याला तेवढ्या जागेची गरज नाही, आणि नुकसान मुख्यतः डिस्कच्या आतही होत नाही. मायक्रोसॉफ्ट आणि रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये नऊ मोठ्या डेटा सेंटरमधल्या दहा लाखांहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा परिणाम ठळक दिसला, आणि बिघाड बहुतेक करून नियंत्रक व जोडणीच्या भागात होते. आपल्याकडे त्यात खारा वारा मिसळतो. वॉरंटी संपलेली एखादी जुनी डिस्क घेऊन तिचा हिरवा बोर्ड स्क्रू काढून उलटा करून पाहा. आतल्या भागाचे स्प्रिंगचे काटे बोर्डावरच्या ज्या छोट्या ठिपक्यांना टेकतात, ते ठिपके चकचकीत असायला हवेत. किनाऱ्यावर काही पावसाळे काढलेल्या डिस्कवर ते काळपट, खरखरीत झालेले सापडतात. माहिती साठवणाऱ्या आतल्या चकत्या ठणठणीत असतात आणि केवळ त्या काळपटपणामुळे डिस्क संगणकाला दिसेनाशी होते.

म्हणून सर्व्हरची जागा विचारपूर्वक निवडावी. पडवीत आणि पश्चिमेच्या खिडकीजवळ तो कधीही ठेवू नये. पोटमाळ्यावर कौलांखाली उन्हाळ्यात फार तापते. जुन्या घरात माजघर सर्वांत चांगले: तिथे खारा वारा थेट येत नाही आणि तापमान दिवसभर फारसे हलत नाही. पावसाळ्यात सर्व्हर बंद करून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. चालू यंत्र भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश गरम राहते, हवेत बाष्प तेवढेच असले तरी गरम हवेची सापेक्ष आर्द्रता कमी असते आणि बोर्डावर ओल धरत नाही. बंद पडलेले यंत्र जुलै महिन्यात ओलच पीत राहते. घर बंद ठेवून महिना-दोन महिने मुंबईला जाणार असाल, तर ड्राइव्ह काढून सोबत न्यावेत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावेत. रंग बदलणारी सिलिका घेतली की ती परत केव्हा तापवायची ते कळते. एसी गाडीतून आणलेला थंड ड्राइव्ह लगेच जोडू नये, काही तास खोलीत तसाच ठेवावा, नाहीतर त्यावर दव धरते. सर्व्हरच्या जाळ्यांवर आतून बारीक नायलॉनची जाळी लावावी. मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात आणि पाल बोर्डावर आडवी झाली की शॉर्ट सर्किट होते.

विजेबाबत. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात गडगडाट होतो, आणि वीज सेकंदभर जाऊन येण्याचे प्रकार तर बारमाही आहेत. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नये. साध्या मोडमध्ये वीज बदलायला त्याला लागणारा क्षण संगणकाच्या पॉवर सप्लायला पुष्कळदा जास्त पडतो. सर्व्हरला वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह (विजेचा दाब कमी-जास्त झाला तर सावरणारा) यूपीएस द्यावा, आणि बॅटरी उतरत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी यूएसबी जोडणी करावी. अर्थिंग मात्र आधी तपासून घ्यावे. जांभ्याच्या खडकात खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. मग सर्ज प्रोटेक्टर लावूनही उपयोग होत नाही. कडाडायला लागले की प्लग काढणे हाच उत्तम उपाय आहे, आणि इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल, तर ती तारही काढावी.

प्रतींबाबत मी आग्रहाने सांगतो. दोन डिस्कचा रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तरी संगीत वाजत राहील एवढीच सोय त्यात आहे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते, आणि विजेचा तडाखा दोन्हींना एकदमच बसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर उत्तर कोकणातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि छपरे उडालेली होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा एका घरातल्या कपाटातली प्रत आणि टेबलावरची प्रत यांत काही फरक उरला नाही. म्हणून तीन प्रती असाव्यात: एक सर्व्हरवर, दुसरी घरातच कोरड्या डब्यातल्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घाटावर, कोल्हापूर-पुण्याकडच्या नातेवाइकांच्या घरी. दर गणपतीत येण्या-जाण्यात ती अदलाबदल सहज होते. दोन्ही हार्ड डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच लॉटच्या घेऊ नयेत.

इथे सीडी आणि कॅसेट यांना एका मापाने मोजू नये. सीडी उद्या पुन्हा कॉपी करता येतील किंवा विकत मिळतील. वडिलांच्या कॅसेट जगात एकच आहेत, त्यांच्या फितीला दर पावसाळ्यात बुरशी धरते आणि त्या रात्रीचा दशावतार पुन्हा होणार नाही. पैसे तुटपुंजे असतील, तर सीडीची एकच प्रत चालेल. कॅसेटच्या तीन हव्यातच, आणि डिजिटल झाल्यावरही मूळ फिती टाकू नयेत.

खरेदीच्या वेळी सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून भारतातली वॉरंटी लागू आहे का ते पैसे देण्याआधी पाहावे. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात डेटा सेंटरसाठी बनवलेल्या, आधी वापरलेल्या डिस्क, त्यांच्या वापराचे तास शून्यावर आणून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. त्यामुळे केवळ स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते त्यात) शून्य तास दिसतात म्हणून डिस्क नवी समजू नये. घरी आणल्यावर संगीत भरण्याआधी पूर्ण डिस्क एकदा लिहून वाचून तपासावी. ४ टीबीच्या डिस्कला एका फेरीला साधारण सात-आठ तास लागतात, तेवढी कळ काढावी. पुढे स्मार्ट अहवालात बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे आकडे महिन्यातून एकदा पाहावेत. गूगलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिली स्कॅन त्रुटी दिसलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट आढळली होती. तेव्हा असा आकडा शून्यावरून हलला की डिस्क बदलावीच. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कच्या प्रमुख चार स्मार्ट आकड्यांत एकही इशारा नव्हता, म्हणून अहवाल स्वच्छ असला तरी प्रती लागतातच.

प्रत उघडते का हेही पाहत जावे. सहसा प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये मूळ ध्वनीचा एमडी५ तपासणी-अंक साठवलेला असतो आणि फ्लॅक प्रोग्रामला -t या पर्यायाने चालवले की तो फाइल उलगडून हा अंक जुळतो का ते सांगतो. कोल्हापूरहून परत आलेल्या डिस्कवर ही तपासणी रात्रभर लावून ठेवावी, आणि सकाळी जी फाइल चुकीची दाखवली असेल ती दुसऱ्या प्रतीवरून लगेच भरून घ्यावी.